इंजनमास्तरांची पेशी

कांदा चिरताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं, पण इंजनमास्तरांच्या डोळ्यांत ते आनंदानं यायचं. कांद्याचा पातळ पापुद्रा सोलायचा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते ओरडायचे, "अरे, कारखाना चालू आहे! या, या, लवकर या!" आम्ही आठवीतली पोरंपोरी एकमेकांना ढकलत रांग लावायचो. रांगेत शेवटी पुन्हा मास्तर स्वतःच उभे असायचे. त्यांना अजून एकदा बघायचं असायचं.

ते मूळचे हैदराबादचे. निजामाच्या अमदानीत उर्दूतून इंजिनियरिंग शिकलेले आणि पूल-बंधाऱ्यांवर राबलेले. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी आमच्या उस्मानाबादच्या शाळेला शास्त्राचा मास्तर मिळेना, म्हणून त्यांना तात्पुरतं घेतलं होतं. जीवशास्त्र ते आमच्यापेक्षा एकच धडा पुढं राहून शिकत होते आणि तसं सांगायचेही. "मला जिवातलं काही कळत नाही, यंत्रातलं कळतं. म्हणून मी पेशीला यंत्राचेच सवाल विचारतो. आत काय येतं? बाहेर काय जातं? आणि बास कोण म्हणतं?"

पेशी या शब्दानं तर एकदा कहरच केला. आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. मी घरी जाऊन उत्साहानं सांगितलं, "अब्बा, उद्या शाळेत पेशी आहे!" अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि कोर्टाच्या नावानं त्यांना घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी ते शेरवानी चढवून वर्गाच्या दारात हजर! "मास्टरसाब, लडकी छोटी है. जो हुआ सो माफ करो." मास्तरांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा हसत हसत ते खालीच बसले. मग अब्बांचा हात धरून त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. अब्बांनी टोपी मागं सारून डोळा लावला. बराच वेळ तो काढेचनात. शेवटी हळूच म्हणाले, "कांद्याच्या आत एवढ्या खोल्या? आन् आमी रोज कालवणात घालतोय!"

त्या दिवसापासून अब्बा आणि मास्तर दोस्त झाले.

एकदा मास्तरांनी सगळ्या वर्गाचीच पेशी बनवायचं ठरवलं. मैदानात आम्ही हात धरून मोठं रिंगण केलं. ती पेशीची भिंत. दारावर मी. बाहेरून भुईमुगाच्या शेंगा यायच्या, आतली पोरं त्या फोडायची, टरफलं दारातून बाहेर जायची आणि दाणे शकूच्या परकराच्या ओच्यात पडायचे. ओचा भरला की शकूनं "बास!" म्हणायचं आणि फोडणाऱ्यांनी थांबायचं. मास्तर म्हणाले, "इंजिनाचा वेग वाढला की त्याला मिळणारी वाफ आपोआप कमी होते. पेशीतही असं काहीतरी असणारच."

पण शकूच्या ओच्यात दाणा राहील तर ना! ती खातच सुटली. ओचा भरेना, बास येईना. फोडणाऱ्यांचे हात लाल झाले, टरफलांचा ढीग दार अडवू लागला, हसता हसता रिंगण वाकडंतिकडं झालं. मास्तर टाळ्या पिटत नाचू लागले, "हाच तर आजार! कारखाना चांगला, बास म्हणणारा बिघडला!"

नेमके तेव्हाच शाळा तपासणारे साहेब हेडमास्तरांबरोबर आले. जीवशास्त्राची पदवी नसलेला माणूस ते शिकवतो अशी तक्रार गेली होती, आणि मास्तरांना ठेवायचं की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेब रिंगणात शिरू लागले तशी मी आडवी आले.

"आत येता येणार न्हाई."

"का गं?"

"तुम्ही शेंग न्हाई."

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी वाकून एक शेंग उचलली. "आणि शेंगेबरोबर आलो तर?"

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी हात जोडले होते, पण डोळे हसत होते. मी बाजूला झाले. साहेब कोट काढून आत बसले आणि शेंगा फोडू लागले.

जाताना ते मास्तरांना म्हणाले, "असा तास मी पाहिला नाही. तसं लिहिणारही आहे. पण पदवीचा नियम मला मोडता येत नाही." वर्ष संपताच पदवीधर मास्तर आले आणि आमच्या मास्तरांनी बंधाऱ्यावरची नोकरी धरली. आम्ही रडवेले झालो तर म्हणाले, "वेडे का खुळे! आता बंधाऱ्याला पेशीचे सवाल विचारायला मिळणार मला!"

त्यांना पोचवायला अब्बा आणि आम्ही काहीजण एसटीनं येडशी स्टेशनवर गेलो. ती छोटी गाडी इतकी सावकाश सुटायची की आम्ही तिच्याबरोबर पळू लागलो, आणि मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन शिकवूच लागले. "एक गोष्ट राहिली! पेशीला मी यंत्र म्हणतो, पण कुठलंच इंजिन स्वतःसारखं दुसरं इंजिन घडवत नाही! पेशी घडवते! एकीच्या दोन! कसं, ते अजून मला—" पुढचं शिट्टीत बुडालं. त्यांचे हात मात्र हवेत एकाचे दोन, दोनाचे चार करत राहिले. फलाट संपला तरी ते दिसत होते.

मी धापा टाकत परतले. माझ्या वयाच्या मुलींची लग्नं ठरू लागली होती आणि माझ्याबद्दलही घरात कुजबुज होती. तरी म्हणून टाकलं, "अब्बा, मला ते पुढचं शिकायचंय."

"कुठं शिकवतात?"

"औरंगाबादच्या कॉलेजात."

अब्बा रुळांकडं बघत राहिले. "ही गाडी जाते का तिकडं?"

"न्हाई. एसटीनं जावं लागतं."

त्यांनी टोपी नीट केली.

"मग एसटीनं जाऊ."