चेन्नई ते पुणे, पावणेदोन तास

कनकाबाई अण्णा नगरमधल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. घराणं तंजावरी मराठी. यजमान, अनंतकृष्ण, गेल्यावर घरात ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. मुलगा विश्वेश आणि सून हरिप्रिया तमिळच बोलत. उरली होती ती थोरली बहीण रंजनी, लग्न होऊन पुण्याला गेलेली. रोज दुपारी दोघी फोनवर तासभर बोलायच्या.

"ये की गे एकदा," अक्का म्हणायची.

"येतें, अक्का. विमानाला पावणेदोन तास तर लागतात."

खरंच तेवढेच लागत. हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. कधीही जाता येईल म्हणूनच जाणं राहून गेलं. आधी दहावीच्या परीक्षा, मग यजमानांचं डायलिसिस, मग नुसतंच 'पुढच्या महिन्यात'. अकरा वर्षं गेली.

फेब्रुवारीत अक्काला पक्षाघाताचा झटका आला. तिच्या मुलाचा, रघुरामचा, हॉस्पिटलातून फोन आला. "मावशी, आई शुद्धीवर आहे, पण काहीतरी असंबद्ध बडबडते."

मागून अक्काचा घोगरा आवाज येत होता. "जन्नल... जन्नल उघडा..."

"बडबड नाही रे ती!" कनकाबाई ओरडल्या. "खिडकी उघड म्हणतेय. आमच्याकडे खिडकीला जन्नल म्हणतात."

पुण्याच्या घरच्यांशी बोलताना अक्कानं तो शब्द चाळीस वर्षांत कधी उच्चारला नव्हता. फोनमध्ये कडी सरकल्याचा आवाज आला आणि अक्का शांत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कनकाबाई मेट्रोनं विमानतळावर गेल्या. सत्तराव्या वर्षी पहिलाच विमानप्रवास. चहा पिऊन जरा डोळा लागतो न लागतो तोच विमान उतरायला लागलं. दहा मिनिटं आधीच पोचलं. लोक उठून बॅगा काढू लागले. कनकाबाई मात्र पट्टा न सोडता तशाच बसून राहिल्या. एवढंच होतं? त्यांना रडू आवरेना.

हॉस्पिटलात अक्कानं डावा हात पुढे केला.

"कोण गे?"

"मी, कनका."

"जेवलीस?"

चार दिवस दोघी बोलल्या. अक्काचे शब्द अर्धे तुटायचे, कनकाबाई ते पुरे करायच्या. आईच्या हातची आंबट भाजी, तंजावरची शाळा, कुणाचं तरी फिसकटलेलं लग्न. एकदा अक्का इतकी हसली की नर्स धावत आली. रघुराम दाराशी उभा राहून ऐकायचा. त्याला निम्मंच कळायचं.

पाचव्या दिवशी सकाळी अक्का गेली.

तेरावा करून कनकाबाई परतल्या. विश्वेश विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्यानं तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, मावशीला खूप त्रास झाला का?"

कनकाबाई मराठीत बोलू लागल्या. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्यावर नजर ठेवून नुसती मान हलवत होता. त्या थांबल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "नाही. शांतपणे गेली."