मायाचा आवाज आधी कुणी ऐकला

मनकर्णा काळे जन्मली ती रस्त्याकडेच्या पालात, तीही चालत्या वाटेवर. तिची आई सांगायची, तिन्हीसांजेला पाल ठोकलं, तू झालीस, आणि दिवस उजाडायच्या आत पोलीस आले म्हणून तुला पदराखाली घेऊन पुढच्या गावाला निघालो. पारध्यांच्या घरी यात नवल काही नव्हतं. पंचक्रोशीत कुठंही चोरी झाली की पहिली चौकशी त्यांच्या पालात. मनकर्णाच्या बापाला अशाच एका चौकशीला नेलं होतं. परतला तो एक पाय ओढतच.

लग्न होऊन ती शिरूर कासारच्या अंगाला, माळावरच्या वस्तीत आली. नवरा सुग्रीव मजुरीला जायचा, सवड मिळाली की तित्तर पकडायचा. लेक माया दुडूदुडू चालायला लागली त्या वर्षी त्याला साप चावला आणि तो गेला. मनकर्णानं दुसरं घर केलं नाही. शेळ्या राखल्या, कापूस वेचला, वस्तीतल्या बायांची बाळंतपणं केली. माळावरची निम्मी पोरं पहिल्यांदा तिच्या हातात रडली होती. लेकीसाठी मात्र तिचा हात फार हलका. मायाला तिनं कधी मारलं नाही, पोरगी रुसली तर हीच अर्धपोटी निजायची.

मायाचं लग्न जीवनशी झालं. दोघं दरवर्षी ऊस तोडायला कर्नाटकात जाऊ लागली, विजापूरच्याही पलीकडं. परवाच्या दिवाळीनंतर निघाली तेव्हा मायाला पाचवा महिना लागला होता. जाताना तिनं आईच्या हातात एक जुना मोबाईल ठेवला.

"माय, तुला वाचाया येत न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "ह्यो हिरवा ठिपका दिसला का समजायचं, माया बोललीय. दाबायचं आन ऐकायचं. ठिपका न्हाई तर काय न्हाई."

"आन मी बोलले तर तुला कसं कळंल?"

"मला बी तसंच. तू माझं ऐकलंस का हितला माईक निळा होतो. मला कळतंय, मायनं ऐकलं."

वस्तीत रेंज धड नव्हती. फोन लावायचा तर टेकाडावर चढावं लागे आणि तिथंही अर्ध्या वेळा लागत नसे. पण असे बोललेले निरोप कधी ना कधी येऊन पडत. मायलेकी पारधी बोलीत बोलायच्या. पोटातल्या लेकराला त्यांच्यात पाहुणा म्हणायची रीत. माया सांगायची, पाहुणा आज लई लाथा मारतोय. मनकर्णा सांगायची, डाव्या कुशीवर नीज, मोळी उचलू नको, कंबर भरून आली तर तेल कोमट करून लाव.

त्याच हिवाळ्यात माळाच्या पलीकडं लष्कराचा सराव सुरू झाला. तारेचं कुंपण पडलं, लाल निशाणं लागली, पत्र्याचं हापिस उभं राहिलं. वस्ती उठवणार अशी बोलवा झाली. मनकर्णाच्या भावाचा मुलगा प्रविण बारावीपर्यंत शिकलेला. त्यानं वस्तीचा व्हाट्सअप ग्रुप काढला, तोडीला गेलेल्या मायालाही त्यात घेतलं. कुणाला वाचता येत नाही म्हणून सगळे बोलूनच निरोप टाकत. मोजणीवाले आले का, कलेक्टरकडं कुणी जायचं, अशी बोलणी व्हायची. त्यातच कुणाची शेळी हरवायची, कुणाचा सासरा आजारी पडायचा.

एके दिवशी जीप आली. वर्दीतल्या माणसांनी तपासणी म्हणून सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि दुपार कलल्यावर परत आणून दिले. काही तोडलं नाही, कुणाला मारलं नाही. मनकर्णानं आपला मोबाईल पदरानं पुसला आणि चोळीत ठेवला. एवढ्यावर सुटलो, असंच सगळ्यांना वाटलं.

पुढं हिरवा ठिपका दिसणं कमी होत गेलं. मनकर्णाच्या मनाला लागलं, पण तिनंच स्वतःची समजूत घातली. तोड जोरात असेल, पोरीला दम खायला वेळ नसेल. संक्रांत होऊन गेली आणि तिची शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. मनकर्णा हरखून गेली. ग्रुपवर माया ऐकेलच म्हणून तिनं तिथं हसत हसत सांगितलं, "आमच्याकडं जोडीनं आलेत गं! आता तुजा पाहुणा कवा येतोय?"

त्यानंतर तिला पत्र्याच्या हापिसात बोलावणं आलं.

टेबलामागं साहेब बसले होते. शेजारी कॉम्प्युटरपुढं एक जवान. तो गुजरातकडचा. पारधी बोली गुजरातीच्या जवळची, म्हणून त्याला मुद्दाम आणलं होतं. साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदाच वर्दीनं तिला खुर्ची दिली होती, त्यामुळं ती आणखीच भेदरली.

"मावशी, घाबरू नका. फक्त एक सांगा. हा पाहुणा कोण आहे?"

"कोणचा पाव्हणा, सायेब?"

जवानानं बटण दाबलं आणि खोलीत मनकर्णाचाच आवाज आला. पाहुण्याला जप, त्याचं कुणाला सांगत बसू नको, नजर लागते. आपलं घरातलं, चुलीपाशी बसून बोललेलं बोलणं असं पत्र्यावर आदळून परत येताना ऐकून तिला अंगावरचं लुगडं ओढल्यासारखं झालं. तिनं पदर घट्ट धरला.

"आणि हे बघा," साहेब म्हणाले. "या पाहुण्याला काय झालं? तो कुठं अडकलाय?"

जवानानं पुन्हा दाबलं. आता माया बोलत होती.

"माय, पाहुणा कालपसनं हलंना झालाय. मुकादम म्हणतोय, खेप भरू दे, मग दवाखान्याचं बघू. तू सांग, थांबू का जाऊ?"

मग दुसरा निरोप. "माय, ऐकलंस न्हवं? निळा झालाय माईक. मग बोलत कावून न्हाईस?"

मग तिसरा. त्यात शब्द नव्हते. माया कण्हत होती, आणि मागं कुणी बाई पाणी आणा म्हणून ओरडत होती.

मनकर्णानं हे काहीच ऐकलेलं नव्हतं. तिच्या मोबाईलवर ठिपकाच आला नव्हता. तिच्याआधी इथं, या खोलीत, कुणीतरी ऐकत होतं आणि ठिपका पुसला जात होता.

"हे कवाचं हाय?" तिनं विचारलं.

जवान साहेबांकडं बघत हळूच म्हणाला, "हप्ता झाला असेल."

"पाव्हणा म्हंजी लेकरू हाय, सायेब. माझ्या लेकीच्या पोटातलं."

जवानाची मान खाली गेली. साहेब म्हणाले, "आम्हाला भाषांतर करून शब्दशः असंच सांगितलं गेलं होतं. जा तुम्ही. गाडीनं सोडायला सांगतो."

ती गाडीची वाट बघत थांबली नाही. कुंपणाच्या कडेनं सरळ टेकाडावर गेली आणि ज्या पोरानं पहिल्यांदा हाकेला ओ दिली त्याच्याकडून जीवनला फोन लावून घेतला. त्या दिवशी फोन लगेच लागला. जीवन पलीकडून एवढंच म्हणाला, "मामी, लेकरू गेलं. माया वाचली."

हमरस्त्यावर, मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहून तिनं सोलापूरकडं जाणारी मिळेल ती गाडी धरली. पोचली तेव्हा माया उसाच्या पाचटाच्या कोपीत पडून होती. पोट फडक्यानं आवळलेलं, चोळी दुधानं भिजलेली. आईला बघून ती उठली नाही की रडली नाही.

"माईक निळा झालता, माय," ती म्हणाली. "मी त्याच्याकडं बघत बसले. मनात म्हणलं, मायनं ऐकलंय, आता सांगंल. तू काय सांगितलंस? शेळीला दोन झाली."

मनकर्णानं सगळं सांगितलं. जीप, तपासणी, पत्र्याचं हापिस. सांगताना तिची जीभ अडखळत होती, कारण खरं असूनही ते सबबीसारखंच वाटत होतं. माया ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग ज्यानं ऐकलं त्यानं तरी कुणाला सांगायचं की. माणूसच असंल न्हवं त्यो?"

 मनकर्णानं लेकीचे पाय मांडीवर घेतले. मायानं ते ओढून घेतले नाहीत, एवढंच.

सकाळी मनकर्णा जीवनला म्हणाली, लेकरू कुठं ठेवलं ते दाखव. दोघं फडात गेली. तोड संपून टोळी पुढच्या शेतात सरकली होती आणि मालकानं रिकाम्या रानाला पाणी सोडलं होतं. जीवन एका बांधावर थांबला, मग दुसऱ्या. "हितंच कुटंतरी," तो म्हणाला आणि बांधावरच बसला. मनकर्णा चिखलात उतरली आणि वाकून हातानं चाचपत राहिली. शेवटी जीवननंच तिला दंडाला धरून वर काढलं.

गावी परतल्यावर प्रविणनं तिचा मोबाईल तपासला. कुठलातरी अनोळखी कॉम्प्युटर त्याला जोडलेला होता. मोबाईल गोळा केले होते त्याच दिवसापासून. वस्तीतल्या बाकीच्या मोबाईलांचंही तेच. त्यानं अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले. उत्तर तोंडीच मिळालं: चौकशी झाली, आक्षेपार्ह काही निघालं नाही, आता काळजी करू नका. वस्ती अजून उठलेली नाही. कुंपणही हललेलं नाही. ग्रुपवर मात्र आता कुणी बोलत नाही.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर माया माहेरी आली, चार दिवस राहिली. आईच्या डोक्याला तेल लावलं, भाकरी थापल्या. मायलेकी शेळ्यांबद्दल बोलल्या, पावसाबद्दल बोलल्या. मधूनच माया बोलता बोलता थांबायची आणि आईच्या चोळीकडं, मोबाईल असतो तिथं, बघायची.

या साली निघताना तिनं आपला नवा नंबर दिला नाही.

"काय असलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ सांगावा धाडीन," ती म्हणाली आणि ट्रकच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढली.

आता मनकर्णा आठवड्याच्या बाजाराला शिरूरच्या स्टँडवर जाऊन बसते. विजापूरकडून कुणी मयताला, कुणी दवाखान्याला म्हणून मधेच परत आलेलं असतं. पिशव्या घेऊन माणसं उतरली की ती उठते आणि ओळख असो नसो, एकेकाला विचारते, "बाबा, माझी माया दिसली का? कशी हाय ती? काय म्हणली?"

बहुतेकांनी मायाला पाहिलेलं नसतं. एखादा जाणता माणूस तिचं तोंड बघून म्हणतो, "बरी हाय, मावशी." मग ती मान हलवते आणि पुढच्या गाडीकडं वळते.