गुरुजींनी मिशी काढली तेव्हा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी पिंपळगाव राजाच्या शाळेत पाचवीत होतो. लहानपणी तापात माझे कान गेले. कोणी ओरडून बोललं तर थोडंफार ऐकू यायचं, बाकी मी ओठांवरून ओळखायचो. आईचे ओठ मला पाठ होते. पण आमच्या गुरुजींची मिशी दाट, वरचा ओठ पार झाकणारी. सहामाहीत मी सगळ्या विषयांत नापास झालो. वडील म्हणाले, "वार्षिकले असंच झालं तं शाळा बंद. वांग्याच्या वावरात चाल."

एकदा गुरुजींनी जवळ येऊन मोठ्यानं विचारलं, "काऊन रे, माह्या तोंडाकडे काय पाह्यतं?"

"गुरुजी, तुमचे शब्द मिशीत अटकते."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत.

सोमवारी ते मिशी काढून आले. आमच्याकडे बाप गेल्यावरच माणूस मिशी काढतो, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या घरी लोक भेटायला येऊ लागले. "म्हातारे अचानक कसे गेले, गुरुजी?" बातमी रोहिणखेडला पोचली आणि म्हातारे स्वतःच एस.टी.नं येऊन वर्गाच्या दारात उभे राहिले.

"मी जित्ता हावो ना बे! मिशी काऊन काढली?" ते इतके ओरडले की मलाही ऐकू आलं.

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "बाबा, याले माहे ओठ दिसत नोते."

म्हातारे माझ्यासमोर वाकले आणि सावकाश म्हणाले, "मंग पास होजो बे. माहं मरण वाया जाऊ देऊ नको."

गुरुजींनी वर्षभर मिशी वाढवली नाही. फळ्याकडे तोंड करून ते बोलत नसत. लिहून झालं की वळायचे, मग बोलायचे. पोळी आणि मोळी हे शब्द मला ओठांवर सारखेच दिसत. असा शब्द आला की ते पहिलं अक्षर फळ्यावर काढून दाखवायचे.

पुढे मी बी.ए. झालो, घरातला पहिला. पण छाती फुगली ती पाचवीच्या निकालाला. त्या दिवशी आठवडी बाजार होता. मी पोचलो तोवर गुरुजी वडिलांच्या भाजीपुढे उभे राहून सांगून मोकळे झाले होते. वडील वांगी तोलायची सोडून गिऱ्हाइकाला म्हणत होते, "पोट्टं पास झालं माहं. आता सहावीची पुस्तकं पाह्यजेत त्याले."

बाजाराच्या त्या गलक्यात शेजारच्या दुकानदारालाही ते ऐकू गेलं नसेल. मला रस्त्यापलीकडून अक्षर न् अक्षर समजलं.