सोवळ्यातली उन्हाची पेटी

मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या राजसबाई मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरोघर धुराड्याच्या मातीच्या चुली मांडून द्यायच्या. एकदा मनावर घेतलं की बाई ऐकायची नाही. १९५८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काचेच्या झाकणाची, आतून काळी अशी उन्हाची पेटी करवून घेतली. भात-वरण उन्हावर, फोडणी तेवढी नव्या चुलीवर, असा बेत.

गाडं अडलं ते घरातच. सासूबाई, अंबुजाबाई, सोवळ्याचा स्वयंपाक जुन्या चुलीवर स्वतःच करायच्या. धुरापासून दूर राहिल्या नाहीत तर दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. म्हातारी ऐकेल तर शपथ!

"विस्तवाविण नैवेद्य? अय्यो, देव काय म्हणेल मा!"

राजसबाईंनी गच्चीवर शेजारणी जमवून पेटीत भात लावून दाखवला आणि पुरती फजिती झाली. जी येई ती झाकण उघडून डोकावे. एकीनं तर पळीनं ढवळलंसुद्धा! सगळी धग उडाली, तांदूळ टणकच राहिले. अंबुजाबाई पोट धरून हसल्या. राजसबाईंना रडू कोसळायचंच बाकी होतं.

रात्रभर त्या विचार करत राहिल्या. सकाळी सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्हीच सोवळ्यांत पेटी लावा. मी शिवत नाही. नैवेद्याचा वास देवाआधी कोणी घेऊं नये, तेवढं पाहा."

बस्स! म्हातारी सोवळं नेसून पेटीशेजारी सावलीत ठाण मांडून बसली. शेजारणी जवळ आल्या तशी कडाडली, "दूर व्हा! नैवेद्य आहे!" झाकणाला हात लावायची कुणाची छाती? तिला स्वतःलाही ते उघडता येईना.

दुपारी झाकण निघालं. वाफ उसळली. भात मोकळा, वरण मऊसूत! बायकांनी एकच गिल्ला केला, पेटी कुठं मिळते म्हणून. खाली चार काटक्यांवर फोडणी झाली, धूर धुराड्यानं मुकाट बाहेर गेला. नैवेद्य दाखवून अंबुजाबाई पानावर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि राजसबाईंचा जीव टांगणीला लागला.

"राजसा, अजून भात वाढ. आणि ती जुनी चूल उद्या फोडून टाक."

राजसबाई वाढायला वाकल्या, पण त्यांना पान दिसेना.

"तुझ्या डोळ्यांत पाणी कां मा?" अंबुजाबाई म्हणाल्या. "धूर तर कुठेंच नाही!"