पुठ्ठ्याची पट्टी आणि तीन बटणं

बाई गेल्याला महिना होत आला, तेव्हा त्यांच्या मुलीने मास्तरांना फोन केला. "आईच्या कामाबद्दल कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं वाटतं. तुम्ही लिहाल का?" मास्तर हो म्हणून बसले. लिहिणार काय? बाई कुठल्या गल्लीत राहायच्या, त्यांना भावंडं किती, घरी गेल्यावर त्या काय करायच्या, यातलं त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बाईंना मुलगी आहे हेसुद्धा त्या फोनमुळेच कळलं. संगणकाच्या पडद्यावर ‘कृपया’ दिसलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची, एवढं पक्कं ठाऊक होतं. आणि एक आठवडा ठाऊक होता. त्या आठवड्यातल्या बाई मात्र त्यांना पुरत्या माहीत होत्या.

मास्तर छापखान्यातले मुद्रितशोधक. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःच्या नावावर एक ओळ लिहिली नाही. निवृत्तीनंतर एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना बोलावलं. एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागासाठी केलेला इंग्रजी प्रोग्राम आपल्या भाषेत आणायचा होता. बाई तिथे आधीपासून होत्या. त्याच नोंदणी विभागात बावीस वर्षं कारकुनी करून त्या इकडे आल्या होत्या आणि येताना तिथल्या मैत्रिणींना शब्द देऊन आल्या होत्या, "यापुढे तो डबा तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलेल. नाही बोलला तर माझा कान धरा."

सोमवारी पहिली चाचणी झाली आणि पुरती फजिती झाली. विभागातल्या सगळ्यांत जुन्या कारकून, ज्यांना सगळे माई म्हणत, त्यांनी सकाळपासून बेचाळीस रुग्णांच्या नोंदी भरल्या. जेवायची वेळ झाली म्हणून त्या प्रोग्राम बंद करायला गेल्या. पडद्यावर चौकट उघडली: ‘आपण केलेले फेरफार जतन न करता बाहेर पडू इच्छिता काय?’ खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’. माईंना बाहेर तर पडायचंच होतं. त्यांनी ‘होय’ दाबलं. बेचाळीसच्या बेचाळीस नोंदी गेल्या.

कंपनीच्या साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवलं. "शुक्रवारी दुसरी चाचणी. त्यात एक जरी नोंद गेली, तरी रुग्णालयाला पुन्हा इंग्रजीच हवंय. तसं स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

चौकटीतलं ते वाक्य मास्तरांचं होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "माईंनी नीट वाचलं नाही. माझ्या वाक्यात एक चूक दाखवा."

"चूक नाही ना, तीच तर पंचाईत आहे!" बाई म्हणाल्या. "मास्तर, माणसं वाचत नाहीत हो. माणसं बटण शोधतात."

मास्तरांना राग आला. त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पिवळट पट्टी होती. मुद्रितं वाचताना पुढच्या ओळी झाकायला ते ती वापरत. नजर एका वेळी एकाच ओळीवर राहायची आणि चूक निसटायची नाही. बाईंनी ती उचलली आणि सरळ पडद्यावर धरली. चौकटीतला प्रश्न झाकला गेला. खाली उरली दोन बटणं.

"हं, आता सांगा. कुठलं दाबू?"

मास्तरांनी बटणं वाचली. होय. नाही. "पण कशाला होय?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय!"

मास्तरांना आधी शरम वाटली आणि मग एकदम हसू आलं. सदतीस वर्षं ही पट्टी त्यांच्या हातात होती, पण खालचं झाकायच्या ऐवजी वरचं झाकून पाहायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी कामाला तोंड फुटलं. प्रोग्रामात अशा त्रेसष्ट चौकटी होत्या. नियम एकच. पट्टीने प्रश्न झाकायचा, आणि नुसतं बटण पाहून पुढे काय होणार ते सांगता आलं तर चौकट पास, नाहीतर पुन्हा पाटी कोरी. सफाईवाली असो, पाणी भरणारा असो, दारातून आत येईल त्याला बाई खुर्चीत बसवायच्या. "हे दाबलं तर काय होईल? घाबरू नका, परीक्षा तुमची नाही, आमची आहे."

मेनूही सुटले नाहीत. ‘मुद्रणपूर्व अवलोकन’ गेलं, ‘छापण्याआधी पाहा’ आलं. ‘अवैध प्रविष्टी’ असं जिथे यायचं, तिथे ‘जन्मतारीख आजच्या पुढची आहे, पुन्हा पाहा’ असं आलं. एकेक शब्द जमला की बाई टेबलावर थाप मारायच्या आणि मास्तरांचा चहा बशीत सांडायचा. मास्तरांना वाटे, आपण छापखान्यात एवढी वर्षं काढली, पण शब्दांची अशी धमाल कधी केली नाही. रोज ते अर्धा तास आधीच येऊन बसू लागले.

प्रोग्राम लिहिणारी मुलगी मात्र कावली होती. "ताई, बटण आहे की बसची पाटी? एवढं मावत नाही हो!"

"मग बटण मोठं कर, राणी. तुझी बटणं का सोन्याची आहेत?"

गुरुवारी दुपारपर्यंत बासष्ट झाल्या. उरली ती माईंची चौकट. बाईंनी तिची बटणं ठरवली होती: ‘साठवून बंद करा’, ‘न साठवता बंद करा’ आणि ‘कामावर परत’. पट्टी ठेवली, सगळ्यांनी बरोबर सांगितलं. बाई खूश. प्रोग्राम लिहिणारी मुलगीही खूश.

मास्तर चुळबुळ करत राहिले. बोलावं की नाही? सोमवारी आपणच तोंडघशी पडलो होतो. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ही पहिली दोन जुळ्या बहिणींसारखी दिसतात. घाईत असलेली नजर तो एवढासा ‘न’ गिळून टाकते. मी जन्मभर हेच पाहत आलोय."

बाई पडद्याजवळ गेल्या, लांब झाल्या, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. मग ओरडल्याच, "अहो, मग आधी का नाही बोललात?"

"वाटलं, तुम्हाला आवडायचं नाही."

"कमाल आहे तुमची! बोला, काय करायचं?"

मास्तरांनी कागदावर लिहून दिलं. पहिलं बटण ‘साठवा’. दुसरं ‘टाकून द्या’. तिसरं होतं तसंच.

साहेब तेवढ्यात आत आले होते. "टाकून द्या? अहो, रुग्णालयाशी असं बोलतात का?"

"साहेब, आपला प्रोग्राम नोंदी टाकूनच देणार आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग तसं सांगायला लाजतो कशाला?"

शुक्रवारी सगळे माईंच्या खुर्चीमागे उभे. माई सकाळभर नोंदी भरत होत्या. अडतीस झाल्या. जेवायची वेळ झाली तशी माईंनी डब्याची पिशवी काखेत मारली आणि उभ्याउभ्याच बंद करायच्या खुणेवर माउस दाबला. चौकट उघडली. ‘३८ नोंदी अजून साठवलेल्या नाहीत.’ माईंनी ती ओळ वाचलीच नाही, हे मास्तरांनी स्वतः पाहिलं. त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. बाण सरकत सरकत मधल्या बटणावर आला. बाईंनी मास्तरांचं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं.

माईंचा हात थबकला. गरम तव्याला लागावा तसा मागे आला. "अगंबाई, टाकून कशाला देऊ?" त्यांनी ‘साठवा’ दाबलं, प्रोग्राम बंद झाला, आणि वळून पाहतात तो पाच माणसं श्वास रोखून उभी. "काय गं? जेवायला जाऊ की नको?"

"जा, जा!" बाई म्हणाल्या. माई दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला आणि मग दोन्ही हात वर करून उडीच मारली. "तिला काही कळलंसुद्धा नाही, मास्तर! काही म्हणजे काही कळलं नाही! जिंकलो आपण!" प्रोग्राम लिहिणारी मुलगी बाईंच्या गळ्यात पडली. विभागप्रमुख हा काय गोंधळ म्हणून बघायला आले आणि तिथल्या तिथे प्रोग्राम आपल्या भाषेतलाच ठेवा म्हणून सांगून गेले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. मनगटावरचा घड्याळाचा वळ चोळताना त्यांना आठवलं, छापखान्यात कुणी कधी त्यांचं मनगट असं धरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या गावच्या रुग्णालयाने बोलावणं धाडलं. तिथल्या कारकुनांबरोबर बसून त्यांच्या चौकटी बघायच्या होत्या. बाई निघाल्या. तिथून परतल्यावर त्या आजारी पडल्या आणि कामावर पुन्हा आल्या नाहीत, म्हणून दारातलं ते बोलणं शेवटचं ठरलं. तेव्हा कुणाच्या मनातही तसं काही नव्हतं. बाईंच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात पट्टी.

"मास्तर, ही नेते हं."

"न्या की. पण परत आणा, मला मुद्रितं वाचायची असतात."

"आणते हो. आणि चहा झाकून ठेवा, मघापासून तसाच पडलाय."