काकूंचं विरजण आणि मॅडमच्या पुड्या

आमच्या लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. सदतीस डिग्रीवर ठेवून दिले की सकाळपर्यंत आपोआप वाढतात.

मी चंदीगडला एका मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये आतड्यातल्या बॅक्टेरियावर पीएचडी करतो. साताऱ्यात आई सांगते, "पोटाचा डॉक्टर झालाय." मग शेजारी फोन करून ॲसिडिटीवर उपाय विचारतात. मी सांगतो, मंगळवारी भेंडी खाऊ नका. का, ते मलाही माहीत नाही. पण फरक पडतो म्हणे!

*

मोठ्या आतड्याला सूज येते आणि वर्षानुवर्षं जात नाही, असा एक आजार आहे. कळा, रक्त, दिवसातून दहा-दहा वेळा धावपळ. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला चांगले बॅक्टेरिया दिले तर सूज उतरते का, हे आम्ही बघतोय. त्यासाठी पेशंटचं सॅम्पल लागतं. कसलं, ते तुम्हाला कळलं असेल.

मोहालीच्या एका बाईंनी ते कॅबने पाठवलं. ड्रायव्हर साठीचे सरदारजी. डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे देत म्हणाले, "बेटा, पूरे रास्ते एसी फुल रखा. खाने की चीज़ ख़राब नहीं होनी चाहिए!"

मी डबा कपाळाला लावला. दुसरं काय करणार?

*

बॅक्टेरिया वाढवायच्या इन्क्युबेटरवर मी एकदा कागद चिकटवला : 'अंदर स्टाफ काम कर रहा है. दरवाज़ा धीरे बंद करें.'

आमचे लॅब अटेंडंट बलविंदरजी त्या दिवसापासून दार हळू लावायला लागले. त्याच आठवड्यात सचिवालयातून एक साहेब पाहणीला आले. "लॅब में स्टाफ कितना है?"

बलविंदरजी गंभीरपणे म्हणाले, "अरबों में, सर."

साहेबांनी कागद वाचला, आत वाकून बघितलं, आणि दार हळूच लावलं!

*

माझ्या गाइड देशपांडे मॅडमनी निवडलेला बॅक्टेरिया किती तगडा आहे, ते मला बघायचं होतं. बीकरभर दुधात थेंबभर सोडला. सकाळी बीकर बलविंदरजींच्या डोक्यावर उलटा धरला. थेंबही पडला नाही! दगडासारखं दही.

बलविंदरजी वर बघत म्हणाले, "वाह! क्या चीज़ है यार!"

मॅडम दारात उभ्या होत्या. "निरीक्षण म्हणून वहीत लिही," त्या म्हणाल्या. "आणि परत केलंस, तर तुला उलटा धरीन."

*

आता साठे काका. मूळचे नागपूरचे, केंद्र सरकारची नोकरी, बदलीवर इकडे आलेले. आतड्याच्या सुजेचा तोच आजार, सहा वर्षं. काकांना चंदीगडचे सेक्टर बागांवरून किंवा मार्केटवरून आठवत नाहीत.

"सतरामध्ये तीन टॉयलेट आहेत, त्यातलं एक एकदम पक्कं. पस्तीसमध्ये दोन. मनीमाजऱ्यात एका मिठाईवाल्याशी ओळख ठेवलीय."

मी हसलो. काका हसले नाहीत. "नागपूरला नात झालीय रे. पुढच्या महिन्यात बारसं. दोन गाड्या बदलून जायचंय. ट्रेनमधलं ते एक दार बंद असलं, तर मी काय करू?"

मी तिथूनच उठून मॅडमना काकांबद्दल सांगायला गेलो.

*

मॅडमनी काकांना ट्रायलमध्ये घेतलं. अर्ध्या लोकांना बॅक्टेरियाच्या पुड्या, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती पावडर. कुणाला काय मिळालं, ते मॅडमनाही माहीत नाही. कोडचा लिफाफा दुसऱ्याच डिपार्टमेंटच्या कपाटात.

साठे काकू पुडी उलटसुलट करून बघत होत्या. "याच्यात जिवंत आहे म्हणता? मग माझं विरजण काहून नाही तपासत? लग्नात आईनं दिलेलं. चार बदल्यांत सोबत आहे."

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन हजर! मॅडमनी त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. काकूंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"अरे बापा," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्यांना मी सांभाळून राहिली होती?"

बलविंदरजींनी हात जोडले. खरं सांगतो, जोक सुचत होता, पण मारला नाही.

*

चार आठवड्यांत काका दिवसाला दहा वेळांवरून दोनवर आले. बारशाला गेले. नागपूरहून फोटो आला : मांडीवर नात, आणि काकांच्या हातात चक्क मिसळीची प्लेट! मॅडमनी तो दोनदा झूम करून बघितला. "कोड उघडेपर्यंत कुणी नाचायचं नाही," असं म्हणाल्या आणि स्वतःच चहा सांगितला.

तेवढ्यात काकूंचा फोन.

"तुला एक सांगू का? मॅडमला नको सांगू. पहिल्याच दिवशी मी त्या पुडीतली चिमूटभर कोमट दुधात टाकून पाहिली होती."

"काकू! का?"

"घरात येणारं विरजण मी तपासूनच घेते."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी दूध ते दूधच. पुन्हा टाकली, पुन्हा दूधच. चार वेळा पाहिलं. काहीच नाही रे त्याच्यात!"

मी मॅडमकडे बघितलं. त्या अजून फोटो बघत होत्या.

"काकांना सांगितलंत?"

"काहून सांगू? बरे होऊन राहिले होते ना!" मागून बाळाचं रडणं आणि काकांचं हसणं ऐकू आलं. काकूंनी आवाज आणखी खाली आणला. "तू पण नको सांगू. परतीचं तिकीटही ट्रेनचंच आहे."