बटाटा नाकारणारी मावशी

"ठेवा तो बटाटा खाली!"

लोणारच्या बस स्टँडजवळ तुम्ही कधी भाजी घेतली असेल, तर हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागलं असेल. तिथल्या भाजीवाल्या मावशीकडे बटाटे असायचे, पण ते मिळायला लायकी लागायची. सुटलेल्या पोटाच्या माणसानं बटाट्याला हात लावला, की ती त्याच्या पोटाकडे बघायची, मग तोंडाकडे. "ते लेकरांसाठी हायेत. तुम्ही दोडके घ्या."

पुण्याहून बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांनी एकदा मेथीची जुडी नाकाशी धरून विचारलं, "ही ऑरगॅनिक आहे का?"

"नाही साहेब, मेथी हाये."

मी तिथल्या शाळेत मास्तर. बायको आणि मुलं बुलढाण्याला, मी लोणारला एका खोलीत. सकाळी कचोरी, संध्याकाळी भजी, मधल्या वेळेत शिकवणं. व्हायचं तेच झालं. शुगर निघाली. डॉक्टरांनी काय खावं याचा छापील तक्ता दिला, तो मी भिंतीवर चिकटवला आणि कर्तव्य संपवलं. एका संध्याकाळी मावशीनं माझ्या पिशवीतली खारी आणि फरसाण पकडलं. मी घाईघाईनं तक्त्याचं सांगितलं.

"भितीवर लावला?" ती म्हणाली. "मंग भितीची शुगर उतरली असंल."

त्या दिवसापासून माझी पिशवी मला न विचारता भरली जाऊ लागली. आंबाडी, चवळीच्या शेंगा, कारली. ज्वारीची भाकरी कशी थापायची, तेही तिनं तिथेच, हवेत हात फिरवून शिकवलं. माझी पहिली भाकरी बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, त्यातही मेहकर तालुका तव्यावरच राहिला. पण चार-पाच महिन्यांत शुगर खाली आली. दुपारच्या तासाला डुलक्या येणं थांबलं. वर्गाला मात्र याचं फार वाईट वाटलं.

आनंदाच्या भरात मी मावशीला पेढे घेऊन गेलो.

"शुगर उतरली म्हणून पेढे?" तिनं डब्यावर झाकण दाबलं. "मास्तर, पोरायले काय शिकवता हो तुम्ही?"

मग एका दुपारी दुधी तोलता तोलता ती बसल्या जागी कलंडली. तराजू एकीकडे, मावशी एकीकडे. बँकेचे साहेब तिथेच होते. आम्ही दोघांनी तिला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. अंगात रक्तच नव्हतं म्हणायचं.

"मावशी, जेवणात काय असतं?"

"सकाळी चहा न् टोस. दुपारी चहा. राती असंल ते."

"असं कसं चालेल? रोज हिरव्या पालेभाज्या खायच्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मावशी मात्र खो खो हसत सुटली. हसता हसता खोकली, आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली. "बाई, अख्ख्या लोणारले पालक खाऊ घातला मी!"

"मग स्वतः का नाही खाल्ला?" मी जरा रागानंच विचारलं.

तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक मलकापूरला दिलेली. "एकटीसाठी काऊन चूल पेटवू मास्तर?" ती म्हणाली.

माझी कचोरीही त्याच कारणानं सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा घेऊन जाऊ लागलो. दोन भाकऱ्या, पालकाचं वरण, वर लिंबू. ती शिव्या घालत जेवायची. "हे वरण हाये का आंघोळीचं पाणी?" गिऱ्हाईक आलं की ताट सरकवून उठायला बघायची. तेव्हा बँकेचे साहेब तराजू ताब्यात घेऊन उभे राहायचे. "आधी त्यांचं जेवण होऊ द्या!" असं ते गिऱ्हाइकांना दरडावून सांगत. वजनात मात्र ते कच्चे. पाव किलोला अर्धा किलो वांगी देत. मावशीचा घास घशात अडकायचा.

दिवाळीपर्यंत तिच्या तोंडावर तजेला आला, चढणीवर दम लागणं कमी झालं. आणि अंगात जोर आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर लेकीचा हट्ट मान्य केला आणि मलकापूरला राहायला गेली. आता तिच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. तो कोणालाच काही नाकारत नाही.

मागच्या महिन्यात मलकापूरहून रेल्वेगाडी पकडायची होती, म्हणून थोडा आधी जाऊन तिच्या लेकीचं घर शोधलं. भर दुपार. मावशी ओसरीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात ताट. मला पाहून तिचे डोळे चमकले, पण ती उठली नाही.

"बसा मास्तर," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "जेऊन राह्यली मी."

मी पायरीवर बसलो. तिनं सावकाश भाकरीचा शेवटचा तुकडा ताटभर फिरवला, भाजीचा रस्सा टिपून घेतला, तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. माझी गाडी चुकली.